टेबलावरचा ट्रक

आमच्या खोलीत एक शब्द बोलायला बंदी होती. तो शब्द ‘खेळणं’. जो बोलेल त्यानं खोलीतल्या सगळ्यांना चहा पाजायचा, मग तो शिकाऊ ड्रायव्हर असो की वरचा साहेब. हा नियम गजाननचा. त्याच्या हयातीत तो कुणासाठीही सैल झाला नाही.

‘हयातीत’ हा शब्द लिहिताना हात थांबला. गजानन पराते जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. त्याच्याविषयी लिहायला बसलो की खोलीविषयी लिहिलं जातं, आणि खोलीविषयी लिहू म्हटलं की तो येऊन उभा राहतो. म्हणून दोन्ही एकत्रच लिहितो. अलीकडे लवकर थकायला होतं, तेव्हा वाचणाऱ्यानंही सावकाश चालावं.

मी नागपुरात एका बसवाहतूक संस्थेच्या ड्रायव्हर-शाळेत शिकवत होतो. स्टिअरिंग हातात देणारे उस्ताद वेगळे होते. माझ्याकडे रहदारीचे नियम, रस्त्यावरच्या खुणा आणि कामापुरतं गणित. येणारी माणसं बहुतेक ट्रकवर क्लीनर म्हणून वाढलेली. त्यांना गाडी कळायची, फळा कळायचा नाही. मी फळ्यावर चौक काढला की ते डोळे बारीक करून बघत राहत. दोष त्यांचा नव्हता. रस्ता आकाशातून पाहायची सवय पाखरांना असते, ड्रायव्हरला नसते.

म्हणून टेबल आलं. प्लायवूडचं, खोली भरून टाकणारं. त्यावर रस्ते, चौक, रेल्वेचं फाटक, एक घाट, एक अरुंद पूल. सगळं एका मापात: जमिनीवर जे असेल त्याच्या पन्नासाव्या हिश्शाचं. संस्थेनं टेबल दिलं, पण त्यावर चालवायला गाड्या दिल्या नाहीत. विचारलं तर उत्तर आलं, तशी तरतूद नाही. मग मी घरच्या दोन मोडक्या गाड्या आणून ठेवल्या. एकीला चाक नव्हतं, दुसरीला छत नव्हतं.

टेबलावरचे पांढरे पट्टे मारायला वर्कशॉपमधून जो पेंटर आला तो गजानन. बसच्या कपाळावरच्या गावांच्या पाट्या तोच लिहायचा. घरी पूर्वी माग होता, वडील लुगडी विणायचे. माग बंद पडला आणि हा रंगाच्या डब्याकडे आला. पट्टे मारून झाल्यावर त्यानं माझी बिनचाकाची गाडी उचलली, उलटी करून पाहिली आणि म्हणाला, “गुरुजी, हिले अशी काहून ठेवली गा? लंगडी गाडी पाहून पोरं काय शिकतीन?”

दुसऱ्या दिवशी गाडीला चाक होतं. त्यानंतर तो जेवणाच्या सुट्टीत रोज येत राहिला.

बाहेरच्यांना वाटतं, लहान गाडी दुरुस्त करणं म्हणजे वरून रंग फासणं. तसं नाही. अशी गाडी जस्ताच्या ओतीव धातूची असते. वरचं अंग आणि खालचा पत्रा दोन बारीक रिवेटनी जोडलेले. ते रिवेट आधी कोरून काढायचे. मग जुना रंग काढायचा. कॉस्टिक सोड्यात बुडवला तर लवकर निघतो, पण जरा विसरलं की धातू काळा पडतो. नंतर खड्डे भरायचे, घासायचं, प्रायमरचं अस्तर द्यायचं, परत घासायचं. चाकांचा आस सायकलच्या स्पोकचा. टायर सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबच्या चकत्यांचे. काचा एक्स-रेच्या जुन्या फिल्मच्या, गरम सोड्याच्या पाण्यात धुऊन पारदर्शक केलेल्या. एका इस्पितळातला ओळखीचा माणूस रद्द झालेल्या फिल्म द्यायचा. गजानन धुताना म्हणायचा, “पहा, कोनाच्या तरी छातीतून आता आपली बस रस्ता पाहीन.” दिव्यांना लुगड्यावरच्या टिकल्या. विकत घ्यायचा फक्त रंग, तोही वर्कशॉपच्या डब्याच्या तळाशी उरलेला मिळाला तर नाही.

गजाननची एक रीत मात्र मी आणखी कुठे पाहिली नाही. जुना रंग काढताना तो गाडीच्या पोटाखाली नखाएवढा तुकडा तसाच ठेवायचा. सोड्यात टाकण्याआधी त्यावर मेण लावायचा. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, “लुगडं फाटलं तरी काठावरून कळते कोनाच्या मागावरचं होतं. हिचं कसं कळन?”

गाड्या मिळवायला आम्ही इतवारीत जायचो. भांडीगल्लीच्या मागे हमीदभाईंचं भंगाराचं दुकान होतं. त्यांच्याकडे फुटक्या पितळी तांब्यांच्या ढिगात अशी एखादी गाडी सापडायची. आम्ही गाडीकडे बघितलं की भाव चढायचा. म्हणून गजानन आधी नळाच्या तोट्या बघायचा, त्यावर भांडायचा, आणि निघताना गाडी उचलून तराजूत टाकायचा.

“और ये?” हमीदभाई विचारायचे.

“ते? जस्त आहे. घाला त्याच भावात.”

“परातेजी, विलायती माल है ये.”

“विलायतेत याले चाकं नसते का गा?”

हमीदभाई हसत आणि जस्ताच्या भावात देत. पुढे त्यांना सगळं कळून चुकलं होतं, तरी तोट्यांवरचं भांडण दोघांनीही सोडलं नाही.

धरमपेठेतल्या एका बाईंनी मुलाच्या कपाटातली निळी मोटार दिली. मुलगा परदेशी स्थायिक झाला होता. आम्ही ती पांढरी केली, वर लाल अधिकचं चिन्ह काढलं, टेबलाला रुग्णवाहिका झाली. महिन्याभरानं बाई गाडी बघायला शाळेत आल्या. दारातच थबकल्या.

“अहो, माझी निळी होती.”

गजाननने गाडी उलटी करून त्यांच्यापुढे धरली. पोटाखाली निळा ठिपका होता. बाईंनी त्यावर बोट ठेवलं, मग म्हणाल्या, “छान ठेवलंत हो खेळणं.” गजानन माझ्याकडे पाहू लागला. मी नजरेनं नको म्हटलं. पण नियम सांगितला गेला, आणि बाईंनी हसत हसत सगळ्या वर्गाला चहा पाजला.

ड्रायव्हर लोक टेबलाला लवकर सरावले. एक मिशाळ गडी गाडी सरकवताना तोंडानं हॉर्न वाजवायचा. दुसरा, लहान बसला बोट लावल्याशिवाय आणि ते बोट कपाळाला लावल्याशिवाय तिला रस्त्यावर घेत नसे. खऱ्या बसच्या स्टिअरिंगला नमस्कार करतात तसा. त्याला कुणी हसलं नाही. शाळेत एक प्रथाच पडली होती: कुठे अपघात झाला की तो टेबलावर मांडायचा, आणि त्या ड्रायव्हरनं आपली बस आपल्या हातानं चालवून दाखवायची. सुरुवातीला हे शिकवण्यासाठी होतं. हळूहळू साहेब लोक चौकशीलाही इथेच यायला लागले. आम्हाला तेव्हा त्याचा अभिमान वाटला.

आता ट्रककडे येतो.

रेल्वे कॉलनीतलं एक कुटुंब कायमचं देश सोडून निघालं होतं. त्यांच्या सामानाच्या विक्रीत आम्हाला एक ट्रक मिळाला. पिवळा, मागचा भाग मोडका, दुकानातल्या स्वस्त गाड्यांपैकी. टेबलावर मोठा ट्रक नव्हताच, म्हणून घेतला. स्वस्तातल्या गाड्या करणारे गाडीच्या मापानं खोका करत नाहीत, खोक्याच्या मापानं गाडी करतात. त्यामुळे मोटार, बस, ट्रक सगळे एकाच लांबीचे निघतात. हा ट्रक आमच्या बसपुढे अंगानं कमी पडत होता. मी तसं म्हटलं. गजानन म्हणाला, “माल चढवला का भरल्यासारखा दिसन.”

आणि त्यानं तो तसा करून दाखवला. पुढचे महिने तो त्याच एका ट्रकवर होता. मागचा भाग नव्यानं पत्र्याचा केला. गोणपाटाचे तुकडे शिवून त्यात खरा कापूस भरला, गासड्या रचल्या, सुताच्या दोरीनं आवळल्या. केबिनच्या कपाळावर वेलबुट्टी काढली. मडगार्डखाली काळ्या रबराच्या पट्ट्या सोडल्या. तो टेबलावर ठेवला तेव्हा वर्ग भोवती गोळा झाला. कुणीतरी म्हणालं, “अबे, हा तर काल मले घाटात भेटला होता.” गजानन त्या दिवशी नुसता कपड्याला हात पुसत उभा राहिला.

ट्रक टेबलावर येऊन थोडेच दिवस झाले असतील, तेव्हा सुखदेवचा अपघात झाला.

सुखदेव मेश्राम आमच्याच शाळेतून शिकून गेलेला. छप्पन्न साली दीक्षा घेतलेलं घर. बाप दुसऱ्याच्या बैलगाडीवर राबलेला. त्या घरात स्वतःच्या नावाचा ड्रायव्हरचा बिल्ला लावून गाडी चालवणारा सुखदेव पहिला. तो बिल्ला तो सुट्टीच्या दिवशीही खिशात ठेवायचा. कळमेश्वरच्या पुढे एका नाल्यावरच्या अरुंद पुलावर तो संध्याकाळी बस घेऊन चढला आणि समोरून कापसाचा ट्रक आला. ट्रक थांबला नाही. सुखदेवनं बस डावीकडे कठड्याला घासत नेली. ट्रक निसटला, निघून गेला, पुन्हा सापडला नाही. बसमधल्या खिडकीजवळच्या एका म्हातारीचा हात कठड्यात सापडून मोडला. बाकी सगळे वाचले.

सुखदेववर आरोप आला: पुलावर दोन गाड्यांपुरती जागा असताना त्यानं विनाकारण बस कठड्यावर घातली. तो म्हणत होता, जागा नव्हती. घासली नसती तर समोरासमोर आदळली असती. जागा होती असं ठरलं तर नोकरी आणि बिल्ला दोन्ही जाणार होते. पूल बघायला जावं तर कठडा पाडून तो रुंद करायचं काम सुरू झालं होतं. पुलाची जुनी रुंदी कागदावर होती, बसचीही होती. कापूस भरलेल्या त्या ट्रकची रुंदी मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. म्हणून ठरलं, टेबलावर मांडून बघू.

निरोप आला त्या दुपारी मी आमची पट्टी घेऊन ट्रक मोजला. मग गजाननला बोलावलं. मी काही सांगायच्या आत तो म्हणाला, “मले मालूम आहे.”

“उद्या सांगावं लागेल.”

“सांगा. मी नाही म्हनून राहिलो का?” तो ट्रककडे बघत होता. “पन लोकायले दुसरा दाखवा लागन ना. नुसतं लहान आहे म्हटलं तर कोन आयकते?”

सुट्टी संपायच्या आत त्यानं वर्कशॉपमधून सागाचा ठोकळा तासून आणला. बरोब्बर मापाचा: नेहमीचा खरा ट्रक, त्यावर बाहेर आलेल्या गासड्या धरून. रंग द्यायला वेळ नव्हता. चाकंही नव्हती.

चौकशीचे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. उन्हातून आले होते, घाम पुसत टेबलाजवळ उभे राहिले आणि मनापासून म्हणाले, “वा! कुणी केलं हे?” आमचे प्राचार्य शेजारी उभे होते. ती खोली त्यांना टायर ठेवायला हवी होती, हे आम्हाला ठाऊक होतं. सुखदेव दाराशी, टोपी हातात. गजानन खिडकीपाशी.

साहेबांनी स्वतःच गजाननचा ट्रक पुलावर ठेवला. सुखदेवला म्हणाले, “चालव तुझी बस.”

सुखदेवनं बस पुलावर आणली. दोन्ही गाड्या एकमेकींना न शिवता निघून गेल्या. मध्ये बोट जाईल एवढी फट उरली.

“आहे की जागा,” साहेब म्हणाले. ओरडून नाही, जरा वाईट वाटून.

“नव्हती साहेब.”

“अरे, तूच चालवून दाखवलीस ना आत्ता?”

सुखदेव टेबलाकडे बघत राहिला. त्याचा स्वतःवरचा विश्वास डळमळताना मला दिसला. ज्या टेबलावर तो शिकला होता तेच टेबल त्याला खोटं ठरवत होतं.

मी पुढे झालो. पन्नासावा हिस्सा म्हणजे काय, हा ट्रक त्यात का बसत नाही, हे नीट, क्रमानं, वर्गात सांगतो तसं सांगितलं. बस मापात बसते, ट्रक बसत नाही, हे पट्टी लावून दाखवलं. मग ट्रक उचलून त्या जागी लाकडी ठोकळा ठेवला. बस पुलाच्या मध्यात अडकली.

साहेबांनी ठोकळा हातात घेतला. “हा ट्रक?”

“मापानं हाच बरोबर आहे, सर.”

“गुरुजी, लाकडाचा तुकडा कितीही मोठा कापता येतो. आदल्या दिवशी कापलेला दिसतोय. ड्रायव्हर तुमचा विद्यार्थी, मी समजू शकतो.” त्यांनी कापसाचा ट्रक पुन्हा पुलावर ठेवला. त्याच्या गासड्यांवरून हळूच बोट फिरवलं. “हा बघा. हा खरा वाटतो.”

गणित माझ्याजवळ होतं, पण समोर गजाननचं काम उभं होतं, आणि ते काम माझ्या गणिताहून फार चांगलं होतं.

“साहेब,” खिडकीतून गजानन म्हणाला, “ते खेळणं आहे.”

सगळे त्याच्याकडे वळले. मी तो शब्द त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

तो टेबलापाशी आला. ट्रक उचलला, दोरी सोडली, गासड्या एकेक करून काढून बाजूला मांडल्या. रबराच्या पट्ट्या वर केल्या आणि ट्रकचं चाक बसच्या चाकाला लावून धरलं. “आपल्या स्टोअरमध्ये बसचा टायर अन् ट्रकचा टायर एकच असते साहेब. इथं पहा, ट्रकचा बसच्या अर्धा-पाऊन आहे. मीच झाकून ठेवला पट्ट्यायनं, बरा दिसावा म्हनून.” मग ट्रक उलटा केला. पोटाखाली पिवळा तुकडा होता. “हा याचा खरा रंग. दुकानात लेकरायसाठी भेटते ते. बाकी सगळं मी केलेलं सोंग आहे. याच्यावर मानसाची रोटी नका काढू.”

साहेबांनी ट्रक घेतला. चाकं पाहिली, पिवळा तुकडा पाहिला. मग ठोकळा पुलावर ठेवला आणि सुखदेवला म्हणाले, “पुन्हा चालव.”

प्राचार्य तेवढ्यात म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं आपण इथे खेळण्यांवर शिकवतोय?”

त्यांनी चहा पाजला नाही. पाजला तो गजाननने. साहेब निघायच्या आधी तो कॅन्टीनला जाऊन सांगून आला आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या हातात कप दिला. साहेबांच्या, प्राचार्यांच्या, सुखदेवच्याही. मी हळूच म्हटलं, “आज राहू दिलं असतंस.”

“नियम म्हंजे नियम, गुरुजी.”

सुखदेवची नोकरी राहिली. पूर्ण निर्दोष असं त्याला कुणी लिहून दिलं नाही. समज देऊन पुन्हा कामावर घेतलं, एवढंच. पण बिल्ला राहिला. पुढे तो खूप वर्षं त्याच रस्त्यावर, रुंद झालेल्या पुलावरून बस नेत होता.

टेबल त्या उन्हाळ्यात गेलं. आधी चौकशा बंद झाल्या, मग वर्ग, मग खोलीत टायर आले. प्लायवूड कुणीतरी पार्टिशनसाठी नेलं. गाड्या संस्थेच्या नव्हत्याच, आम्ही त्या पेटीत भरून वाटून घेतल्या. मी पुन्हा फळ्यावर चौक काढू लागलो, आणि समोरचे पुन्हा डोळे बारीक करून बघू लागले. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. गजानन पाट्या लिहीत राहिला. रविवारी इतवारीत गाठ पडायची. तो तोट्यांवर भांडायचा, एखादी गाडी घ्यायचा, घरी नेऊन दुरुस्त करायचा. त्या ट्रकवर मात्र त्यानं गासड्या परत चढवल्या नाहीत. रिकामाच ठेवला. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “माल उतरवून परत चाल्ला आहे तो. असू द्या.”

दिवाळीच्या आधी मी त्याच्या घरी गेलो होतो. वहिनींनी पेटी काढून ठेवली होती. गाड्या एकेक करून जमिनीवर मांडल्या. मी प्रत्येक उलटी करून तिचा ठिपका पाहत होतो, त्या बघत होत्या. शेवटी ट्रक निघाला.

“गुरुजी,” त्या म्हणाल्या, “हे खेळणं तुम्हीच घेऊन जा. माह्या इथं आता याच्याकडं कोन—”

त्या थांबल्या.

“निघालं तोंडातून,” त्या म्हणाल्या.

“राहू द्या, वहिनी.”

“राहू कशाले देऊ? त्यायले चालत होतं का?”

पदर खोचून त्या उठल्या आणि आत गेल्या. मी ट्रक मांडीवर घेऊन बसलो. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येऊ लागला.